इन्स्टॉल तर झालं, मग कमांड काहून चालत नाही? (एनजिनएक्स / अपाचे)

रामदासपेठ_लॅब (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. वर्गाच्या लॅबसाठी तीन यंत्रांवर वेब सर्व्हर बसवला आहे. इन्स्टॉल होताना कुठेही एरर दिसली नाही. पण नंतर कमांड दिली की प्रत्येक यंत्र वेगळं उत्तर देऊन राहिलं आहे.

यंत्र १: डेबियन १२. सुडोने, म्हणजे रूटच्या (मुख्य प्रशासकाच्या) अधिकाराने, आधी पीएचपी आणि मग एनजिनएक्स टाकलं. साध्या युजरने 'एनजिनएक्स -टी' दिलं तर 'कमांड नॉट फाउंड'. 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एनजिनएक्स' दिलं तर 'जॉब फेल्ड'.

यंत्र २: रॉकी लिनक्स ९. एचटीटीपीडी (रॉकीवर अपाचेचं नाव) टाकलं आणि कॉन्फिगमध्ये (सेटिंगच्या फाइलीत) 'लिसन ८०९०' केलं. रूट असूनही 'परमिशन डिनाइड'. शिवाय पुस्तकात दिलेली 'ए२एनमॉड' ही कमांडच तिथे नाही.

यंत्र ३: उबुंटू २२.०४. याच्यावर आधी सोर्समधून बांधलेलं एनजिनएक्स होतं, ते काढून एपीटीचं (डेबियन-उबुंटूच्या पॅकेज साधनाने येणारं) टाकलं. आता सर्व्हिस सुरू करताना '२०३/ईएक्सईसी' येतं.

विद्यार्थ्यांना हेच शिकवायचं आहे, म्हणून तीन सुटी उत्तरं नकोत. अशा वेळी कशापासून सुरुवात करायची आणि कोणत्या क्रमाने जायचं, ते सांगा.

संचालक

या धाग्यावर कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत द्यायच्या. मोठं अक्षर लागत असेल तिथे 'मोठा एल' असं स्पष्ट लिहा.

महालकर

ताई, पहिल्या यंत्रापासून घेऊ. 'कमांड नॉट फाउंड' म्हणजे प्रोग्राम नाही असं नव्हे. शेलने (आपली कमांड वाचणाऱ्या प्रोग्रामने) पाथमधले, म्हणजे प्रोग्राम शोधायच्या ठरलेल्या यादीतले, फोल्डर पाहिले आणि त्यात तो सापडला नाही, एवढंच. एनजिनएक्स '/यूएसआर/एसबिन' मध्ये बसतं. डेबियनमध्ये साध्या युजरच्या पाथमध्ये एसबिन नसतं, उबुंटूत असतं. म्हणून उबुंटूवर चाललेली कमांड डेबियनवर 'नाही' म्हणते.

आधी 'डीपीकेजी -एल एनजिनएक्स' द्या. पहिल्या दोन अक्षरांत 'आयआय' दिसलं तर पॅकेज नीट बसलं आहे. 'आरसी' दिसलं तर पॅकेज काढलेलं आहे आणि फक्त कॉन्फिग उरलं आहे. 'आययू' किंवा 'आयएफ' असेल तर इन्स्टॉल अर्धवट आहे, मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा. त्यानंतर 'सुडो एनजिनएक्स -टी' करून पाहा. सुडोच्या स्वतःच्या पाथमध्ये एसबिन असतं, त्यामुळे ते सापडेल.

तर्रीपोहे

यात एक भर. काही जण डेबियनवर नुसतं 'एसयू' करतात, पुढे डॅश देत नाहीत. २०१९ च्या डेबियन १० पासून नुसत्या 'एसयू'ने पाथ बदलत नाही, जुन्या युजरचाच राहतो. मग रूट होऊनही एसबिनमधलं काही सापडत नाही. एपीटीसुद्धा 'एलडीकॉन्फिग आणि स्टार्ट-स्टॉप-डीमन पाथमध्ये नाही' म्हणून अडतं. 'एसयू -' असं द्या, डॅशसकट, म्हणजे रूटचा पूर्ण पाथ मिळतो.

फुटाळा_काठ

एवढं खोदण्यापेक्षा सगळं पर्ज करा (कॉन्फिगसकट काढा) आणि नव्याने टाका. दहा मिनिटांचं काम आहे.

सर्व्हरताई

फुटाळा, याला माझा विरोध आहे, आणि लॅबमध्ये तर जास्तच. पोर्ट (सर्व्हर ज्या नंबरावर ऐकतो तो) दुसऱ्याने धरला असेल तर दहा वेळा टाकलं तरी तीच एरर येईल.

दुसरं असं की नव्याने टाकण्याच्या नादात पोरं '/ईटीसी/एनजिनएक्स' फोल्डर हाताने उडवतात आणि मग 'एपीटी रीइन्स्टॉल' करतात. कॉन्फिग परत येत नाही. डीपीकेजीच्या हिशेबाने तुम्ही फाइल मुद्दाम काढली आहे, म्हणून ते ती पुन्हा ठेवत नाही. मग 'एनजिनएक्स.कॉन्फ सापडत नाही' हे नवं दुखणं सुरू होतं. यावर दोन उपाय. एकतर 'सुडो एपीटी पर्ज एनजिनएक्स एनजिनएक्स-कॉमन' करून पुन्हा टाकायचं. इथे 'कॉमन' विसरू नका, कॉन्फिग त्याच पॅकेजचं असतं. नाहीतर रीइन्स्टॉल करताना डीपीकेजीला 'फोर्स-कॉन्फमिस' हा पर्याय द्यायचा, म्हणजे फक्त हरवलेल्या फाइल परत येतात.

अजनी_जंक्शन

सर्व्हरताईंशी सहमत. क्रम विचारला आहे तर माझा सांगतो. मी चार प्रश्न विचारतो, आणि एकाचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसऱ्याकडे जात नाही.

शेलला फाइल सापडते का? 'टाइप -ए एनजिनएक्स' द्या. 'व्हिच'पेक्षा हे बरं, कारण एकाच नावाच्या दोन फाइल असतील तर दोन्ही दाखवतं, आणि एलियास असेल तर तोही सांगतं.

कॉन्फिग वाचता येतं का? एनजिनएक्सला 'सुडो एनजिनएक्स -टी', डेबियन-उबुंटूच्या अपाचेला 'सुडो अपाचे२सीटीएल कॉन्फिगटेस्ट', रॉकीवर 'सुडो एचटीटीपीडी -टी'. चुकीची फाइल आणि ओळीचा नंबर मिळतो. मात्र एरर दाखवलेल्या ओळीच्या वरची ओळ आधी पाहा. एनजिनएक्समध्ये अर्धविराम राहिला की पुष्कळदा बोट पुढच्या ओळीवर ठेवलं जातं.

सिस्टमडी (सर्व्हिस सुरू-बंद करणारा प्रोग्राम) कोणती फाइल चालवतं? 'सिस्टमसीटीएल कॅट एनजिनएक्स'.

पोर्ट मोकळा आहे का? 'सुडो एसएस -एलटीएनपी'. सुडो नसेल तर पोर्ट दिसतो, पण तो कोणाकडे आहे ते दिसत नाही.

झिरो_माइल

अजनीभाऊ, दुसऱ्या पायरीवर एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. 'एनजिनएक्स -टी' यशस्वी झालं म्हणजे सर्व्हर सुरू होईलच असं नाही. पोर्ट आधीच व्यापलेला असेल तर तपासणीच्या वेळी एनजिनएक्स त्या चुकीकडे दुर्लक्ष करतं, कारण बहुतेक वेळा जुनं एनजिनएक्सच तिथे चालू असतं. खऱ्या स्टार्टच्या वेळी मात्र अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने पाच वेळा प्रयत्न करतं, पाचही वेळा लॉगमध्ये '९८: ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' लिहितं आणि मग 'स्टिल कुड नॉट बाइंड' म्हणून थांबतं. एकच एरर पाच वेळा दिसली म्हणून पाच बिघाड समजू नका.

आणि '-टी' नेहमी सुडोनेच द्या. साध्या युजरला '/व्हार/लॉग/एनजिनएक्स' उघडता येत नाही, प्रमाणपत्राची खासगी चावी वाचता येत नाही. कॉन्फिग बरोबर असूनही १३ नंबरची एरर येते.

महालकर

ताई, पहिल्या यंत्रावर बहुतेक झिरो_माइल म्हणतात तेच झालं असावं. 'सुडो एसएस -एलटीएनपी' आणि 'सुडो जर्नलसीटीएल -यू एनजिनएक्स -एन ५० --नो-पेजर' या दोन्हीचं उत्तर इथे टाका. जुन्या सिस्टमडीची एरर नुसतं 'जर्नलसीटीएल -एक्सई' पाहायला सांगायची, पण त्यात साऱ्या यंत्राची गर्दी असते. '-यू' दिलं की फक्त आपल्या सर्व्हिसचं दिसतं.

रामदासपेठ_लॅब

पाहिलं. ८० वर 'अपाचे२' बसलेलं दिसतं. पण अपाचे तर या यंत्रावर टाकलंच नव्हतं!

सर्व्हरताई

ते पीएचपीने आणलं. डेबियन आणि उबुंटूत 'पीएचपी' नावाच्या पॅकेजला तीनपैकी एक जोडीदार लागतो: अपाचेचं मॉड्यूल, एफपीएम किंवा सीजीआय (पीएचपी चालवण्याच्या तीन पद्धती). यातलं कोणतंच आधी नसेल तर एपीटी यादीतला पहिला घेतं, आणि पहिलं आहे अपाचेचं मॉड्यूल. त्याच्या मागे अख्खं अपाचे येतं आणि लगेच ८० वर सुरूही होतं. नंतर एनजिनएक्स टाकलं की त्याच्या पॅकेजला ८० व्यापलेला दिसतो. ते सुरू करायचा प्रयत्नच सोडून देतं आणि तशी एक साधी ओळ छापतं. म्हणून तुम्हाला एरर दिसली नाही.

एनजिनएक्ससोबत पीएचपी हवं असेल तर थेट 'पीएचपी-एफपीएम' टाकायचं. आता दुरुस्ती करताना क्रम सांभाळा: आधी 'सुडो एपीटी इन्स्टॉल पीएचपी-एफपीएम', मग 'सुडो एपीटी पर्ज अपाचे२ लिबअपाचे२-मॉड-पीएचपी८.२', मग 'सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट एनजिनएक्स'. उलट केलं तर अपाचेबरोबर 'पीएचपी' पॅकेजही निघून जाऊ शकतं.

तर्रीपोहे

बर्डीच्या मेन रोडवर एकाच जागी दोन ठेले लागत नाहीत, तसंच पोर्टचं. आधी आला तो बसला! दोन्ही सर्व्हर हवेच असतील तर '/ईटीसी/अपाचे२/पोर्ट्स.कॉन्फ' मध्ये 'लिसन ८०८०' करा आणि साइटच्या फाइलमधला 'व्हर्च्युअलहोस्ट' सुद्धा ८०८० करा. पुष्कळ लोक पहिलं करतात आणि दुसरं विसरतात. अपाचे सुरू होतं, पण त्यांची साइट काही दिसत नाही.

हिंगणा_एमआयडीसी

दुसरं यंत्र. रूटला परमिशन डिनाइड म्हणजे नव्वद टक्के एसईलिनक्स (लिनक्सचं जादा संरक्षण, जे लेबलं पाहून परवानगी देतं). रूट असलं तरी एचटीटीपीडीला ठरावीक लेबलाच्याच पोर्टवर बसता येतं. 'सेटएनफोर्स ०' द्या, चालू होईल. मग '/ईटीसी/एसईलिनक्स/कॉन्फिग' मध्ये कायमचं बंद करून टाका, कटकट संपली.

गोंडवाना

पहिलं वाक्य बरोबर, बाकी नको. 'सेटएनफोर्स ०' फक्त निदानासाठी. दोन मिनिटं बंद करा. सर्व्हर सुरू झाला तर दोष कोणाचा ते कळलं, की लगेच 'सेटएनफोर्स १' करा. विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी संरक्षण बंद करायला शिकवलं तर पुढे कामाच्या सर्व्हरवरही ते हेच करतील. नीट उपाय दोन ओळींचा आहे:

'सुडो डीएनएफ इन्स्टॉल पॉलिसीकोअरयुटिल्स-पायथन-युटिल्स'
'सुडो सेमॅनेज पोर्ट -ए -टी एचटीटीपी_पोर्ट_टी -पी टीसीपी ८०९०'

पहिली ओळ अशासाठी की छोट्या इन्स्टॉलमध्ये 'सेमॅनेज' नसतंच, आणि तिथे पुन्हा 'कमांड नॉट फाउंड' येतं. पॅकेजचं नाव लक्षात राहत नसेल तर 'डीएनएफ प्रोव्हाइड्स' ला '*/सेमॅनेज' द्या, कोणत्या पॅकेजात आहे ते सांगेल.

त्या लेबलात मुळातच ८०, ८१, ४४३, ४८८, ८००८, ८००९, ८४४३ आणि ९००० हे पोर्ट असतात. ८०८० वेगळ्या लेबलाखाली आहे, पण एचटीटीपीडीला तोही चालतो. म्हणून ८०८० वर सगळं सुरळीत आणि ८०९० वर अडलं, असा अनुभव येतो. एखादा पोर्ट आधीच दुसऱ्या लेबलात असेल तर 'ऑलरेडी डिफाइन्ड' येतं, तेव्हा '-ए' ऐवजी '-एम'.

हिंगणा_एमआयडीसी

हाओ गोंडवाना भाऊ, लॅबसाठी तुमचंच बरोबर. पण एसईलिनक्सने नेमकं काय अडवलं ते कसं ओळखायचं, तेही सांगा. नाहीतर पोरं अंदाजाने लेबलं लावत बसतील.

गोंडवाना

'सुडो एयूसर्च -एम एव्हीसी -टीएस रीसेंट'. शेवटच्या दहा मिनिटांतले नकार दिसतात. ओळीत 'नेम_बाइंड' असेल तर पोर्टचा प्रश्न. 'नेम_कनेक्ट' असेल तर सर्व्हर दुसरीकडे जोडायला जात आहे. मागे ॲप चालवून एनजिनएक्स पुढे ठेवलं की ५०२ (मागच्या प्रोग्रामकडून उत्तर मिळालं नाही) येतं ते हेच. त्याला 'सुडो सेटसेबूल -मोठा पी एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट १'. मोठा पी दिला नाही तर पुढच्या रीबूटला सेटिंग जातं. आणि 'रीड' किंवा 'गेटॲटर' असेल तर फाइलचं लेबल चुकलं आहे. होम फोल्डरमधून 'एमव्ही' ने फाइल आणली की जुनं लेबल सोबत येतं, 'सीपी' ने आणली की नव्या जागेचं लागतं. 'सुडो रिस्टोरकॉन -मोठा आर व्ही /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल' ने दुरुस्त होतं.

रॉकीवर फायरवॉल वेगळी, बरं का. सर्व्हर सुरू झाला, त्याच यंत्रावर 'कर्ल' ने पान दिसतं आणि शेजारच्या यंत्रावरून दिसत नाही, तर 'सुडो फायरवॉल-सीएमडी --पर्मनंट --ॲड-पोर्ट=८०९०/टीसीपी' आणि मग '--रीलोड'. 'पर्मनंट' दिल्यावर रीलोड केल्याशिवाय नियम लागू होत नाही.

महालकर

'ए२एनमॉड' चं राहिलंच. ती डेबियन घराण्याची सोय आहे, रॉकीवर नसतेच. तिथे मॉड्यूल '/ईटीसी/एचटीटीपीडी/कॉन्फ.मॉड्यूल्स.डी' मधल्या फाइलींतून चढतात. रीराइट तिथे आधीच चढलेलं असतं, आणि एसएसएल हवं तर 'डीएनएफ इन्स्टॉल मॉड_एसएसएल'. डेबियनवर मात्र 'इन्व्हॅलिड कमांड रीराइटइंजिन, पर्हॅप्स मिसस्पेल्ड' आलं की स्पेलिंग शोधत बसू नका. 'सुडो ए२एनमॉड रीराइट' आणि अपाचे रीस्टार्ट. 'हेडर' या शब्दावर अडलं तर 'हेडर्स' मॉड्यूल, 'एसएसएलइंजिन' वर अडलं तर 'एसएसएल'.

वर्धा_रोड

डेबियन-उबुंटूवर अपाचेची आणखी एक गंमत पाहिली नाही का कोणी? थेट 'अपाचे२ -टी' दिलं की 'अपाचे_रन_डिर डिफाइन्ड नाही' अशा एरर येतात. कॉन्फिगमध्ये काहीच चूक नसते. ते व्हेरिएबल '/ईटीसी/अपाचे२/एन्व्हार्स' या फाइलीत आहेत, आणि ती फाइल 'अपाचे२सीटीएल' वाचतं, थेट प्रोग्राम वाचत नाही. म्हणून तपासणी नेहमी 'अपाचे२सीटीएल' नेच.

आणि 'एएच००५५८' ही एरर नाही, सूचना आहे. सर्व्हरचं पूर्ण नाव ठरवता आलं नाही एवढंच ती सांगते. 'सर्व्हरनेम लोकलहोस्ट' लिहिलं की जाते. सर्व्हर बंद पडण्याचं कारण तिच्यात शोधू नका, खालची ओळ वाचा.

अजनी_जंक्शन

तिसऱ्या यंत्राकडे कोणी वळलंच नाही. २०३/ईएक्सईसी म्हणजे सिस्टमडीला जी फाइल चालवायला सांगितली ती चालवता आली नाही: ती तिथे नाही, चालवण्याची परवानगी नाही किंवा स्क्रिप्टची पहिली ओळ चुकली आहे.

इथे कारण जवळपास नक्की आहे. सोर्समधून बांधताना कोणीतरी '/ईटीसी/सिस्टमडी/सिस्टम/एनजिनएक्स.सर्व्हिस' हाताने लिहिली असणार, आणि तिच्यात 'एक्झेकस्टार्ट' पुढे जुन्या प्रोग्रामचा पत्ता असणार. प्रोग्राम काढला, पण ही फाइल राहिली. एपीटीने आपली सर्व्हिस फाइल '/लिब/सिस्टमडी/सिस्टम' मध्ये ठेवली खरी, पण नाव तेच असेल तर ईटीसीमधली वरचढ ठरते. 'सिस्टमसीटीएल कॅट एनजिनएक्स' दिलं की पहिल्या ओळीतच कोणती फाइल वापरली जाते ते दिसेल. जुनी बाजूला हलवा, 'सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड' करा, मग 'सुडो सिस्टमसीटीएल रीएनेबल एनजिनएक्स' आणि स्टार्ट.

त्याच टर्मिनलमध्ये 'एनजिनएक्स -व्ही' ला 'नो सच फाइल' आलं तर घाबरू नका. बॅश आधी सापडलेला पत्ता लक्षात ठेवतो आणि तिथेच जातो. 'हॅश -आर' द्या, विसरून जाईल.

झिरो_माइल

सोर्सवाल्यांसाठी: पर्याय न देता बांधलं तर एनजिनएक्स '/यूएसआर/लोकल/एनजिनएक्स/एसबिन' मध्ये बसतं आणि अपाचे '/यूएसआर/लोकल/अपाचे२/बिन' मध्ये. दोन्ही कोणाच्याच पाथमध्ये नसतात. सर्व्हिस फाइलही तयार होत नाही, म्हणून 'युनिट नॉट फाउंड'. आणि जुन्या बांधणीची कॉन्फिग नव्याला दिली की 'अननोन डायरेक्टिव्ह' येऊ शकतं. मोठ्या व्ही ने 'एनजिनएक्स -व्ही' दिलं की कोणत्या पर्यायांनी बांधलं आहे ते छापून येतं, आणि कॉन्फिगचा पत्ता पर्याय म्हणून दिला असेल तर तोही.

फुटाळा_काठ

कंटेनर (प्रत्येक प्रोग्रामला वेगळी बंदिस्त जागा) वापरले तर यातलं अर्धं उद्भवत नाही, असं अजूनही वाटतं.

वर्धा_रोड

तिथे दुसरं उद्भवतं. कंटेनरमध्ये 'सिस्टमसीटीएल' दिलं की 'सिस्टम हॅज नॉट बीन बूटेड विथ सिस्टमडी'. कारण तिथे पहिला प्रोसेस सिस्टमडी नसतो. एनजिनएक्स समोरच चालू ठेवावं लागतं: 'एनजिनएक्स -जी' आणि पुढे अवतरणात 'डीमन ऑफ;'. अर्धविराम अवतरणाच्या आत. नाहीतर मुख्य प्रोसेस संपतो आणि कंटेनर बंद.

विंडोजमधल्या डब्ल्यूएसएललाही (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्सलाही) हीच एरर येते, पण तिथे सोय आहे: '/ईटीसी/डब्ल्यूएसएल.कॉन्फ' मध्ये 'बूट' विभागाखाली 'सिस्टमडी=ट्रू' लिहायचं आणि विंडोजकडून 'डब्ल्यूएसएल --शटडाउन' करायचं. डब्ल्यूएसएल ०.६७.६ पासून चालतं, म्हणजे सप्टेंबर २०२२ नंतरचं हवं.

तर्रीपोहे

विंडोजचा विषय निघालाच तर झॅम्प (अपाचे, पीएचपी वगैरे एकत्र देणारं पॅकेज). 'एचटीटीपीडी इज नॉट रेकग्नाइज्ड' आलं तर 'सी:\झॅम्प\अपाचे\बिन' मध्ये जाऊन 'एचटीटीपीडी -टी' द्या. पॅनेलमध्ये जी एरर दिसत नाही ती इथे दिसते. ८० पोर्ट कोणाकडे आहे हे 'नेटस्टॅट -एएनओ' ने कळतं. पीआयडी (प्रोसेसचा नंबर) ४ दिसला तर तो विंडोजचा स्वतःचा एचटीटीपी ड्रायव्हर असतो आणि बहुतेक वेळा त्याच्यामागे आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) असतं. सर्व्हिसेसमध्ये 'वर्ल्ड वाइड वेब पब्लिशिंग सर्व्हिस' थांबवा. 'व्हीसीरनटाइम१४० सापडत नाही' आलं तर व्हिज्युअल सी++ चं रीडिस्ट्रिब्युटेबल टाकायचं, डीएलएल कुठल्याही साइटवरून उतरवायची नाही.

सर्व्हरताई

लॅब आहे म्हणून एक खास आपल्याकडची अडचण. मराठी कीबोर्ड चालू राहिला की कॉन्फिगमध्ये देवनागरी अंक टाइप होतात. 'लिसन' पुढे देवनागरी ८० लिहिलं तर एनजिनएक्सला तो पोर्ट वाटत नाही, ते त्याला होस्टचं नाव समजतं आणि 'होस्ट नॉट फाउंड' म्हणतं. पोरं मग नेटवर्क तपासत बसतात. कमांड व्हॉट्सॲपवरून किंवा पीडीएफमधून उचलली की साध्या अवतरणाच्या जागी वाकडी अवतरणं येतात, आणि डॅशच्या जागी लांब डॅश. दिसायला सारखंच.

ओळखायचं कसं: 'कॅट -मोठा ए' आणि फाइलचं नाव. साध्या रोमनपलीकडचं प्रत्येक अक्षर 'एम-' ने सुरू होणाऱ्या खुणेत दिसतं. ओळीच्या शेवटी '^एम' दिसलं तर फाइल विंडोजवर सेव्ह झाली आहे. 'सेड -आय' ने ते चिन्ह काढा किंवा 'डॉस२युनिक्स' चालवा.

हिंगणा_एमआयडीसी

उन्हाळ्यातली लाइट पण घ्या यादीत. मे महिन्यात लाइट गेली आणि यूपीएस दमला की यंत्र झटक्यात बंद होतं. नंतरचे तीन बिघाड पाहून ठेवा.

सोर्समधून बांधलेल्या अपाचेची पीआयडी फाइल 'लॉग्ज' फोल्डरात, म्हणजे डिस्कवर असते. ती जुनीच राहते, आणि तो नंबर आता दुसऱ्याच प्रोसेसकडे असेल तर अपाचे 'ऑलरेडी रनिंग' म्हणून सुरूच होत नाही. 'पीएस -पी' ला तो नंबर देऊन खात्री करा, मग फाइल काढा. पॅकेजच्या सर्व्हरला हा त्रास नाही, कारण '/रन' मेमरीत असतं आणि रीबूटला साफ होतं.

दुसरं, डिस्क फक्त-वाचनावर चढलेली असू शकते. 'रीड-ओन्ली फाइल सिस्टम' दिसलं की सर्व्हर सोडा, आधी 'एफएससीके' (डिस्कची फाइल सिस्टम तपासणारी कमांड).

तिसरं, मदरबोर्डचा सेल संपला असेल तर घड्याळ मागे जातं. मग एपीटी 'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' म्हणतं आणि प्रमाणपत्रंही अजून वैध नाहीत असं होतं. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू', आणि सेल बदला.

गोंडवाना

आयपीव्ही६ बंद केलेल्या यंत्रांवर आणखी एक. उबुंटू-डेबियनच्या मूळ साइट फाइलीत आयपीव्ही६ साठी दुसरी 'लिसन' ओळ असते. कर्नलमध्ये आयपीव्ही६ नसेल तर '९७: ॲड्रेस फॅमिली नॉट सपोर्टेड' येतं आणि एपीटीचं इन्स्टॉलच अर्धवट राहतं. महालकरांनी वर सांगितलेला 'आयएफ' तिथे दिसेल. चौकटी कंस असलेली ती ओळ काढा आणि 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'.

महालकर

साइट फाइलीचीच गोष्ट: एनजिनएक्स 'साइट्स-एनेबल्ड' मधली प्रत्येक फाइल वाचतं, तुमची '.बॅक' ने संपणारी प्रतसुद्धा. त्यातूनच 'डुप्लिकेट डिफॉल्ट सर्व्हर' येतं. अपाचेचं उलट आहे, तिथे नाव '.कॉन्फ' ने संपलं नाही तर फाइल वाचलीच जात नाही, आणि 'ए२एनसाइट' म्हणतं 'साइट डझ नॉट एक्झिस्ट'. जुन्या प्रती '/ईटीसी' बाहेर ठेवा.

रामदासपेठ_लॅब

सगळ्यांचे मनापासून आभार. तीनही यंत्रं सुरू झाली. दुसऱ्यावर 'नेम_बाइंड' होतं, सेमॅनेजने सुटलं, एसईलिनक्स चालूच आहे. तिसऱ्यावर ईटीसीमधली जुनी सर्व्हिस फाइलच निघाली.

पहिल्यावर अपाचे गेलं, एनजिनएक्स चालू आहे, एचटीएमएल पान दिसतं. पण पीएचपीच्या पानाला ५०२ येतं. एरर लॉगमध्ये 'पीएचपी८.१-एफपीएम.सॉक' बद्दल '२: नो सच फाइल' आहे.

सर्व्हरताई

कॉन्फिग उबुंटू २२.०४ वरून आणली असणार. तिथे पीएचपी ८.१, डेबियन १२ वर ८.२. 'एलएस /रन/पीएचपी' द्या, जे नाव दिसेल तेच 'फास्टसीजीआय_पास' पुढे लिहा. मग 'सुडो एनजिनएक्स -टी' आणि 'सुडो सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स'. नंबर २ ऐवजी १३ आला असता तर सॉकेट आहे पण उघडता येत नाही असा अर्थ. तेव्हा एफपीएमच्या पूल फाइलीत 'लिसन.ओनर' आणि एनजिनएक्सचा युजर, दोन्ही 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' आहेत का ते पाहायचं.

अजनी_जंक्शन

आणि यंत्र सुरू होताना एफपीएम आपोआप येतं का तेही पाहून ठेवा ताई: 'सिस्टमसीटीएल इज-एनेबल्ड पीएचपी८.२-एफपीएम'.

रामदासपेठ_लॅब

८.२ केलं, पान आलं. एनेबल्ड आहे. अजनीभाऊंचे चार प्रश्न आणि त्यांच्या कमांड छापून प्रत्येक टेबलावर लावते, सोमवारी पहिली बॅच आहे.